उजवीकडे बघणारा घोडा

रविवारी सकाळी सात वाजता मी कापडी पिशवीत चार पटाश्या, एक मोगरी, जुना टॉवेल आणि कॉफीचा फ्लास्क घालून स्कूटर काढते, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका दारापुढे कोलमची रांगोळी काढत असतात. “कुठं निघालात?” असं एखादी विचारतेच. मी सांगते, “लाकडं फोडायला.” त्या हसतात. छत्तीस वर्षं विम्याच्या कचेरीत फायली चाळून निवृत्त झालेल्या बाईनं देवळात जाऊन बसावं, फार तर गाणं शिकायला तिरुवैयारुची बस पकडावी, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. माझीही होती. पण देवळात मला झोप येते आणि गळा माझा असा की शेजारच्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात. तेव्हा मी पटाशी हातात धरली, आणि खरं सांगते, आयुष्यात इतकी मजा मला कशातच आली नव्हती.

आमचा लाकूडकोरणीचा क्लब राजवाड्यामागच्या एका शाळेच्या सायकल स्टँडमध्ये भरतो. रविवारी तिथं सायकली नसतात. आम्ही नऊ जण सायकली अडकवायच्या लोखंडी दांड्यांना पाठ टेकून बसतो आणि पायांच्या तळव्यांत लाकूड धरून कोरतो. नऊ जणांत कॉलेजातून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे प्रोफेसर आहेत, जे मोजल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नसावेत. एक दातांची डॉक्टरीण आहे, वयानं आमच्यात सगळ्यात लहान, म्हणजे एक्कावन्न. आणि माझा चुलतभाऊ आहे, बस डेपोत मेकॅनिक म्हणून हयात घालवलेला. तो आणि मी आपसांत आमची तंजावुरी मराठी बोलतो, बाकी सगळ्यांशी तमिळ. मी देवनागरी उशिरा शिकले, हौसेनं. माझ्या भावाला ती आजही वाचता येत नाही, त्यामुळे इथं त्याच्याबद्दल काहीही लिहायला मी मोकळी आहे.

पहिला अर्धा तास फक्त धार लावायची, हा क्लबचा नियम. नऊ दगडांवर नऊ पटाश्या एकदम घासल्या जातात तो आवाज ऐकला की माझ्या अंगात उत्साह संचारतो. मग नऊ वाजेपर्यंत काम आणि नऊला खाणं. डॉक्टरीणबाई दातांची डॉक्टर असून दगडासारखी कडक मुरुक्कु, म्हणजे आमची चकली, आणतात. माझा भाऊ डांगर पच्चडी, म्हणजे उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, आणतो आणि ती त्याच्या बायकोनं केली असली तरी स्वतः केल्याच्या थाटात वाढतो. मी केलेलं पहिलं बदक याच खाण्याच्या वेळी सगळ्यांपुढे ठेवलं होतं. भावानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, “अक्का, वांगं झकास झालं हाय.”

आम्हाला शिकवतात ते अय्या. वय ऐंशीच्या पलीकडे. त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या देवळांचे रथ कोरले. मुलांपैकी कुणी या धंद्यात आलं नाही, हात थरथरायला लागला तशी कामंही थांबली. मग शाळेतल्या कुणीतरी सुचवलं म्हणून ते आम्हाला शिकवायला यायला लागले. येताना रिक्षातून स्वतःचा ठोकळा आणायचे. फणसाच्या ओंडक्याचा तो गुडघाभर उंच तुकडा, वरचा भाग हजार घावांनी चिरलेला. त्यावर लाकूड ठेवूनच ते कोरत.

अय्या आमच्यावर कधी रागावत नसत. हीच माझी तक्रार होती. माझं वांगं, म्हणजे बदक, हातात घेऊन ते म्हणाले होते, “फार छान झालंय हो, अम्मा.” प्रोफेसरांच्या तिरक्या कमळालाही तेच, “फार छान, सर.” एकदा त्यांचा जुना शागीर्द भेटायला आला होता. तो आता स्वतः देवळांची कामं घेतो, पन्नाशीचा माणूस. त्यानं आम्हाला आपल्या उजव्या हाताची बोटं दाखवली. अय्या चूक दिसली की पटाशीच्या दांड्यानं बोटाच्या पेरावर टोला हाणत, तो कसा हाणत ते सांगताना त्याचे डोळे चमकत होते. “हा सिंहाच्या शेपटीचा,” एका पेरावर हात फिरवत तो म्हणाला, “आणि हा यक्षाच्या पोटाचा.” त्याला एकेक टोला पाठ होता. मी माझ्या बोटांकडे पाहिलं. गुळगुळीत, कोरी. अय्यांच्या लेखी आम्ही रविवारचा वेळ घालवायला आलेली मोठी माणसं होतो, आणि मोठ्या माणसांना कुणी मारत नाही. मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना म्हणून मी त्या दिवशी तीन मुरुक्कु खाल्ल्या.

मग घोडा आला.

आमच्या गल्लीत रामाचं छोटं देऊळ आहे, आमच्यासारख्या मराठी घरांनी कधीकाळी उभं केलेलं. त्याचा रथही छोटा, दीड पुरुष उंच. रामनवमीला तो चार गल्ल्यांतून ओढतात. रथापुढे लाकडाचे दोन घोडे जोडलेले असत. त्यातला डावा वाळवीनं आतून खाल्ला आणि गेल्या वर्षी रथ कोठीतून काढताना त्याचा भुगा हातात आला. उजवा धडधाकट राहिला. देवळाचे ट्रस्टी म्हणाले, एक घोडा चालायचा नाही, दोन्ही फायबरचे आणू, हलके आणि चकचकीत. जुना उजवा कोठीत ठेवून देऊ.

तो उजवा घोडा अय्यांच्या वडिलांनी कोरला होता.

अय्या ट्रस्टींकडे गेले. मी आणि माझा भाऊ सोबत होतो. अय्यांनी हात जोडून सांगितलं, “रामनवमीपर्यंत याचा जोडीदार उभा करतो. नाही झाला तर तुमचं फायबर आणा, मी काही बोलणार नाही.” ट्रस्टींनी त्यांच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं. अय्यांनी ते हात आमच्याकडे केले. “हे आहेत ना.” म्हणजे मी आणि डेपोतला मेकॅनिक. ट्रस्टींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मी तिथल्या तिथे ठरवलं की हा घोडा होणार.

पुढचे रविवार काय सांगू! वडिलांचा घोडा आम्ही नमुना म्हणून क्लबात आणला आणि त्याच्या शेजारी नवा ओंडका उभा केला. फणसाचं लाकूड, तीन वर्षं वाळवलेलं. पहिला घाव घातला तेव्हा आतून हळदीसारखा पिवळा रंग निघाला आणि आम्ही सगळे एकदम ओरडलो. प्रोफेसरांनी घरून कॅलिपर आणला. घोड्याचा गुडघा, खूर, छाती, पायाची जाडी, सगळं मोजून त्यांनी वहीत लिहिलं आणि दर रविवारी आमच्या कामावर कॅलिपर लावून “एक मिलिमीटर जास्त” असं जाहीर करायला लागले. भावानं पोट कोरलं, इंजिन उघडावं तसं, शांतपणे, एकेक पापुद्रा काढत. आम्ही सगळे एकाच वेळी त्या घोड्याभोवती बसायचो, कुणी पायाशी, कुणी पाठीशी, आणि कुणाचा तरी कोपर सतत कुणाच्या तरी बरगडीत जायचा. अय्या ठोकळ्यावर बसून ऐकायचे. हो, ऐकायचेच. मोतीबिंदूनं त्यांना नीट दिसत नव्हतं, पण घाव चुकला तर आवाजावरून ओळखत आणि नम्रपणे म्हणत, “अम्मा, जरा हलक्या हातानं.”

घोड्याचं धड होत आलं आणि अय्यांच्या ऑपरेशनची तारीख आली. पुढे महिनाभर धुळीत जायचं नाही, अशी ताकीद होती. ते कुंभकोणमला मुलीकडे राहणार होते. निघण्यापूर्वी त्यांनी घोड्यावरून हात फिरवला, मानेच्या जागी न कोरता ठेवलेल्या चौकोनी लाकडावर थांबले आणि म्हणाले, “धड संपवा. मानेला हात लावू नका. मान मी आल्यावर.”

का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

धड दुसऱ्याच रविवारी संपलं. आमच्या हातात धारदार पटाश्या, समोर अर्धा घोडा, आणि वर आणखी दोन रविवार रिकामे. तुम्हीच सांगा. मला कल्पना सुचली, आणि ती सुचल्याबरोबर मी इतकी पेटले की बोलताना माझी कॉफी सांडली. अय्यांची पट्टी निघेल, नव्या डोळ्यांनी ते क्लबात येतील, आणि त्यांना पहिल्यांदा काय दिसेल? पुरा घोडा! मानेसकट, दातांसकट!

“अक्का,” माझा भाऊ म्हणाला, “ते नक्को म्हणून गेलेत नव्हे? मग कां हात लावतेस?”

“ते आपल्याला मोठी माणसं समजतात म्हणून,” मी म्हणाले. “त्यांना वाटतं आपल्याला जमणार नाही.”

“जमणार नाही म्हणले नाहीत. नक्को म्हणले.”

“तू पच्चडी वाढ.”

नमुना शेजारीच होता. वडिलांच्या घोड्याची मान डौलात वळलेली, रस्त्याकडेच्या लोकांना बघावं तशी, आयाळ एका बाजूला पडलेली. प्रोफेसरांनी मान अकरा ठिकाणी मोजली. मी मान कोरली. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातली आपली हत्यारं आणून घोड्याच्या तोंडात एकेक दात असा बसवला की बघणाऱ्यानं आपली जीभ दातांवरून फिरवावी. शेवटच्या रविवारी प्रोफेसरांनी दोन्ही घोड्यांना कॅलिपर लावला, वही मिटली आणि म्हणाले, “तंतोतंत.” हा शब्द त्यांच्या तोंडून मी आधी कधी ऐकला नव्हता. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या भावानंसुद्धा वाजवल्या, हे मी मुद्दाम नमूद करते.

अय्या आले ते काळा चष्मा घालून. रामनवमीला अठरा दिवस होते. आम्ही घोड्यावर पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, टाकून ठेवली होती. सगळे उभे राहिलो, मी वेष्टी ओढली. अय्यांनी चष्मा काढला.

घोड्याभोवती एक फेरी घातली. आयाळीवर बोट फिरवलं. वाकून दात पाहिले आणि डॉक्टरीणबाईंकडे बघून मान हलवली. मग वडिलांच्या घोड्याजवळ गेले, त्याच्या तोंडासमोर उभे राहिले आणि हसले. “अप्पांनी याचा एक डोळा मोठा केलाय,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मला दिसलंच नाही.”

आम्ही सगळे हसलो. मी तर आनंदानं फुगले होते.

अय्या परत आमच्या घोड्याकडे वळले. “फार छान झालाय हो, अम्मा,” ते म्हणाले. “हा उजवीकडे बघतो. अप्पांचाही उजवीकडे बघतो. मग डावीकडच्या लोकांकडे कोण बघणार?”

मी हातातली वेष्टी गोळा करून छातीशी धरली.

मला लहानपणापासूनच्या सगळ्या रामनवम्या डोळ्यांपुढे दिसल्या. साठ वर्षं तो रथ आमच्या दारावरून गेला. उजवा घोडा उजवीकडच्या घरांकडे बघायचा, डावा डावीकडच्या. आमचं घर डावीकडे. तो मेलेला घोडा माझ्याकडे बघत जायचा! आणि मी, दोरी धरून ओढणारी, शेजारी उभ्या नमुन्याची हुबेहूब नक्कल करून बसले. जोडीतला दुसरा हा पहिल्यासारखा नसतो, आरशातल्यासारखा असतो, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. प्रोफेसर वही उघडून बघायला लागले, जणू चूक तिथं लिहिलेली असावी. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. ते तर जास्तच लागलं.

अय्या रागावले नाहीत. त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, “मी ट्रस्टींना सांगतो, होत नाही म्हणून. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही हौसेनं केलंत.”

हौसेनं! हा शब्द त्यांनी मायेनंच उच्चारला होता, आणि मला वाटलं, यापेक्षा त्यांनी मोगरी फेकून मारली असती तर बरं झालं असतं. वडिलांचा घोडा कोठीत जाणार होता. ऐंशी वर्षांच्या माणसाचा शब्द मोडणार होता, आणि तो मी मोडला होता. मी म्हणाले, “अय्या, चूक माझी. माझ्या भावानं नको म्हटलं होतं. काय करायचं ते सांगा, मी करते. ट्रस्टींकडे जाऊ नका.” मला रडायचं नव्हतं, रागच आला होता, पण डोळ्यांना ते कळत नाही.

अय्यांनी घोड्याच्या मानेखाली, जिथं घुंगरांच्या माळेचा गोल पट्टा कोरला होता, तिथं बोट ठेवलं. “इथून कापायची,” ते म्हणाले. “नवी मान करून खुंटीनं बसवायची. मूर्तीला सांधा चालत नाही, रथाच्या घोड्याला चालतो. सांधा पट्ट्याखाली लपेल.” मग आपल्या ठोकळ्यावर बसले. “पण लाकूड नाही. ओलं घेतलं तर उन्हात फाटेल.”

आमच्याकडे उरलेल्या तुकड्यांचे आम्ही चमचे करून टाकले होते. माझ्या भावानं एकट्यानं पाच. अय्या उठले, ज्यावर बसले होते तो स्वतःचा ठोकळा त्यांनी आडवा केला आणि पटाशीच्या दांड्यानं त्याच्या बुडावर ठोकलं. खणखणीत आवाज आला. “वरून गेलाय,” ते म्हणाले, “आतून चांगला आहे. माझ्या लग्नाआधीचा आहे, आता काय फाटणार?”

“अय्या, तुम्ही कशावर कोरणार मग?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कोरतो कुठं मी आता?” ते म्हणाले, आणि करवत माझ्यापुढे धरली. “मान तुम्हीच कापा, अम्मा.”

मी कापली. त्या मानेवर मी दोन रविवार घालवले होते. दात खाली पडू नयेत म्हणून डॉक्टरीणबाईंनी डोकं दोन्ही हातांत धरलं होतं, रोग्याचं धरावं तसं. करवत आरपार गेली आणि डोकं त्यांच्या हातात आलं. मग भाऊ म्हणाला, “आता ठोकळा घ्या, वेळ नाही,” आणि आम्ही सगळे एकदम हललो.

सायकल स्टँड फक्त रविवारी मिळत असे, म्हणून रोजचं काम भावाच्या घराच्या ओट्यावर चालू झालं. रोज सकाळी सहा ते आठ! डॉक्टरीणबाई दवाखाना उघडण्याआधी यायच्या. प्रोफेसर सायकलवरून यायचे आणि आल्या आल्या गल्लीतल्या प्रत्येकाला आरशातली प्रतिमा म्हणजे काय ते समजावायला लागायचे. त्यांनी खरंच घरून एक आरसा आणला होता. वडिलांच्या घोड्यापुढे तो धरून बसायचे, आणि मी आरशात बघून ठोकळ्यावर मान रेखत होते. दूधवाला थांबायचा, पेपरवाला थांबायचा. कुणाकुणाच्या घरची कॉफी यायची. वहिनी, म्हणजे माझ्या भावाची बायको, ओट्यावरचा भुसा दर दहा मिनिटांनी झाडायची आणि दर दहा मिनिटांनी म्हणायची, “हे संपणार कधी?” पण मी पाहिलं, जाता जाता ती नव्या मानेवरून हळूच हात फिरवायची. ठोकळा आतून काळसर तांबूस निघाला होता, इतका घट्ट की धार दिवसात चारदा लावावी लागे.

चौथ्या दिवशी मी डावा कान कोरायला घेतला. उशीर होत होता, मी घाईत होते, आणि घाई माझा स्वभाव आहे हे आतापर्यंत सांगून झालंच आहे. पटाशी मी लाकडाच्या रेषेच्या उलट दिशेनं धरली. अशी धरली की एक घाव आणि कान मुळातून उडालाच असता.

फाट्!

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या पेरावर असा काही टोला बसला की पटाशी हातातून पडली. “ए!” अय्या ओरडले. “डोळे कुठं आहेत? लाकडाची रेषा दिसत नाही? किती वेळा सांगायचं?”

दूधवाला कॅन धरून उभा राहिला. मी पेर तोंडात घालून अय्यांकडे बघत होते. दुखत होतं, फार दुखत होतं. आणि आतून मला इतकं हसू फुटत होतं की मला कुठं बघावं कळेना. अय्यांना ते काय करून बसले याचा पत्ताच नव्हता. त्यांनी माझ्या हातातली पटाशी उलटी फिरवली, माझी बोटं नीट बसवली आणि म्हणाले, “हं. आता मार.”

“पडला?” भावानं हळूच विचारलं.

“पडला,” मी म्हणाले.

“मज कधी पडणार?”

त्याला दुसऱ्याच दिवशी पडला, आयाळीवरून. डॉक्टरीणबाईंना दोन पडले, कारण दुसऱ्या तोंडातले दात त्यांनी घाईत एका बाजूला सात आणि दुसरीकडे आठ केले होते. प्रोफेसर मात्र रोज कोरे राहायचे. ते मोजूनच काम करत, चुकणार कसे? दहाव्या दिवशी त्यांचा चेहरा इतका उतरला की मला दया आली. अकराव्या दिवशी त्यांनी खुंटीचं भोक अर्ध्या बोटानं तिरकं पाडलं. चुकून की मुद्दाम, देव जाणे. टोला पडला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि दिवसभर ते हात खिशात घालेनात.

मान बसली. खिळा एकही नाही, खुंटी आणि गोंद. पट्ट्याखाली सांधा लपला, अगदी नखाएवढी रेघ सोडली तर. मग देवळाच्या रंगाऱ्यानं येऊन दोन्ही घोड्यांना पांढरा ऑइल पेंट फासला आणि लगाम लाल केला. आमचा सगळा हळदी रंग, काळसर मान, पंधरा दात, सगळं पेंटखाली गेलं. (पंधरा, कारण आठव्याची जोडी डॉक्टरीणबाईंना शेवटपर्यंत लावता आली नाही.) मी रंगाऱ्याशी भांडायला निघाले होते. अय्यांनी अडवलं. “रथाचा घोडा पांढराच असतो,” ते म्हणाले, “आत काय आहे ते आपल्याला माहीत आहे.”

रामनवमीच्या सकाळी गल्ली माणसांनी भरली. ढोल, नादस्वरम, गूळपाण्याच्या पानकाचे पेले, पायाखाली कोलम पुसलेले. रथ देवळातून बाहेर निघाला आणि मी दोरी धरायची सोडून पुढे धावले, एकसष्ट वर्षांची बाई, पदर खोचून. अय्यांच्या वडिलांचा घोडा उजवीकडे बघत होता, त्याच्या एका मोठ्या डोळ्यानं. आमचा डावीकडे. रथ आमच्या दारावरून गेला तेव्हा तो माझ्या घराकडे बघत गेला, आणि मी रस्त्यातच “ए!” म्हणून ओरडले. माझा भाऊ दोरी ओढत होता. तो लाल होऊन हसत होता.

कोपऱ्यावर रथ थांबला. ट्रस्टी पुढे आले, त्यांच्यासोबत बाहेरगावचे दोन पाहुणे. अय्या आमच्यासोबत उभे होते. ट्रस्टींनी घोड्याच्या मानेजवळ डोळे नेले. त्यांना ती नखाएवढी रेघ दिसलीच.

“अय्या, इथं जोड आहे का?” त्यांनी विचारलं. “हा कुणी केला?”

नऊ जण आम्ही, ओळीनं उभे. सगळ्यात लहान एक्कावन्न वर्षांची, सगळ्यात मोठे प्रोफेसर, सत्तरीला टेकलेले. अय्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, नव्या डोळ्यांनी, एकेकाकडे.

“आमच्या पोरांनी,” ते म्हणाले. “आधी चुकली होती. मी मारलं, मग नीट केलं.”

ट्रस्टी हसले आणि दोरीकडे गेले. रथ वळला. मी हात पदराखाली धरून मधल्या पेरावरचं ते टेंगूळ चाचपून पाहिला. अजून होतं.